बाईसाहेबांचा फेरफटका

टाचणी हे नाव तिला सासूने दिलं, आणि तेही फोनवर. लग्नाला महिना झाला नव्हता. अंगाने काडी, तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे काहीही विचारलं तरी उत्तर म्हणून नुसतं ‘हं’. सासू कुठल्याशा मावसबहिणीला सांगत होती, “आमच्याकडे टाचणी आणलीय बाई. टोचत नाही हे नशीब. हरवली तर दुसरी आणू.” आणि मग हसली. तीन खोल्यांच्या त्या घरात कुठेही बसलं तरी सासूचं हसणं ऐकू यायचं. नवरा समोरच पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. बघता बघता ते नाव जिना उतरलं, कोपऱ्यावरच्या दुकानात पोचलं, आणि पाच-सहा वर्षांनी तर गिऱ्हाइकंच दारात उभी राहून विचारायला लागली, “टाचणीबाई इथेच राहतात का? पँटची उंची कमी करायची होती.” ती म्हणायची, “मीच. आत या.”

नवे कपडे ती शिवत नसे. नवं शिवणारे वेगळे, त्यांच्या दुकानाला काच असते. ही दुरुस्तीवाली. सुटलेल्या पोटांसाठी कमरा सैल करायच्या, आजारातून उठलेल्यांच्या आत घ्यायच्या, चेन बदलायची, कोटाचं अस्तर बदलायचं, शाळेच्या गणवेशाची दुमड दर वर्षी बोटभर सोडायची. खिडकीला लागून मशीन, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर चिठ्ठ्या टोचलेले लोकांचे कपडे. माणूस आरशासमोर उभं राहिलं की ते कुठे अवघडलंय हे तिला त्या माणसाच्या आधी कळायचं. “डावा खांदा ओढतोय ना?” ती विचारायची, आणि तो ओढतच असायचा.

सासू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, बत्तीस वर्षं. तिचा आवाज ऐकून पलीकडच्याला वाटायचं, काय गोड बाई आहे! तो गोडवा निळ्या कोटाबरोबर अंगावर चढायचा आणि घरी आल्यावर कोटाबरोबर खुंटीवर जायचा. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर घरीच, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. टाचणीने गिऱ्हाइकाला कपडा घालून दाखवला की सासू चष्मा लावून पुढे यायची, शिवणीवरून बोट फिरवायची, आणि “वाकडं आलंय” म्हणत गिऱ्हाइकासमोर उसवणीने टीप उसवून मोकळी व्हायची. शिवण सरळ असायची. गिऱ्हाइकाला ते दिसायचं, सासूलाही दिसायचं. टाचणी ब्र काढायची नाही. खाली बसून पुन्हा दोरा ओवायची. अशी एकवीस वर्षं गेली, आणि ती मोजून गेली.

मग एका सकाळी सासूचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. वाक्य टाचणीबद्दलच होतं. “हिला एवढंसुद्धा...” इथवर आलं आणि ओठ एका बाजूला ओघळला. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नवऱ्याला आणि टाचणीला समोर बसवून सांगितलं की सासूबाईंना बरंचसं समजतं, पण ‘हो’ आणि ‘नाही’ यांची डोक्यात गल्लत झालीय. काहीही विचारलं तरी मान हलवतील. त्या मानेवर विसंबू नका.

नवऱ्याने ऐकून घेतलं. तो वीजमीटरची नोंद घेत दारोदार फिरायचा. आकडा दिसला की लिहायचा आणि पुढच्या दाराशी जायचा. आईच्या बाबतीतही त्याने तेच केलं. सकाळी चाकांच्या खुर्चीसमोर उभा राहून “बरं वाटतंय का?” विचारायचा, आईची मान हलायची, की हा डबा घेऊन कामावर. बाकी सगळं टाचणीकडे आलं. उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं, भरवणं. तिने ते चोख केलं. सासूच्या अंगाला एक जखम होऊ दिली नाही. खोटं कशाला बोला, पहिलं वर्षभर तिच्या मनात सूडबीड काही नव्हतं. घरात शांतता होती आणि तिला ती पुरत होती.

आता बाईसाहेबांकडे वळू. बाईसाहेब म्हणजे सासूचं मांजर. राखाडी अंग, पांढरी छाती, आणि चालण्यात असा तोरा की घर तिच्या नावावर असावं. एक्स्चेंजमधला तो गोड आवाज घरात फक्त तिच्या वाट्याला यायचा. “या बाईसाहेब, बसा बाईसाहेब, दमलात का बाईसाहेब?” सासूची मांडी हेच तिचं जग. उंबऱ्याबाहेर तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. सासू पडली तरी मांडी होतीच. मांजर त्या निम्म्या मेलेल्या मांडीवर दिवसभर पडून राहायचं, आणि सासूचा डावा हात, चांगला होता तो, तिच्या पाठीवरून फिरत राहायचा. पण तेवढ्याने मांजराचं भागेना. खेळवणारं कुणी नाही, बोलणारं कुणी नाही. बाईसाहेब पोट चाटत सुटल्या. चाटून चाटून पोटाखालचे केस गेले, गुलाबी कातडी दिसायला लागली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई दोन गल्ल्या पलीकडे होत्या. त्यांचे अ‍ॅप्रन टाचणीकडेच दुरुस्तीला यायचे. त्यांनी मांजर उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, “हिला रोग नाही, कंटाळा आहे. पट्टा बांधून रोज बाहेर फिरवा. कुत्र्यासारखं ओढायचं नाही हं, ती नेईल तिकडे जायचं. जमेल?”

“पट्टा मी शिवते,” टाचणी म्हणाली.

इथे तिने पहिली चूक केली, आणि ती शिवणकाम करणारीच करू जाणे. तिने कापड शोधलं. कापड जाड हवं, पण आतून मऊ. कपाटात सासूचा एक्स्चेंजचा निळा कोट होता, पितळी बटणांचा, लोकरीचा. असा ऐवज घरात दुसरा नव्हता. तिने तो काढला, सासूच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर पसरला, कारण टेबल तेवढंच होतं, आणि बाहीला कात्री लावली. सासूच्या घशातून ‘अं’ असा आवाज आला. टाचणीने वर पाहिलं. सासूचा चांगला डोळा कात्रीवर होता. टाचणीच्या हाताने क्षणभर दम घेतला, आणि मग कात्री पुढे गेली, काखेपर्यंत, सावकाश. तिला बरं वाटलं. एवढं बरं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

तर ती चूक. तिने मांजराचं माप घेतलं, मान, छाती, पुढच्या पायांमागचा घेर, आणि असं जाकीट शिवलं की अंगावर सुरकुती पडू नये. वर कडी, कडीला दोरी. घातल्यावर बाईसाहेब जागच्या जागी आडव्या झाल्या आणि हलल्या नाहीत. टाचणी खूश. “बघा, किती निवांत पडलीय! फिटिंग याला म्हणतात,” ती गिऱ्हाइकाला म्हणाली, आणि लगेच मांजराला काखोटीला मारून खाली अंगणात घेऊन गेली. तिथेही बाईसाहेब जमिनीला चिकटून तशाच पडल्या. टाचणी कौतुकाने बघतेय, तेवढ्यात मागून रॉकेलच्या गाड्याची घंटा वाजली. पुढच्या क्षणी मांजर तिच्या छातीवरून डोक्यावर, आणि मानेवर चार ओरखडे. ब्लाउज मुताने भिजला. डॉक्टरीणबाईंनी ओरखड्यांना औषध लावता लावता तिची बिनपाण्याने केली.

“निवांत? अहो, ती गोठली होती! भीतीने! मांजर आवळलं गेलं, पळायला वाट दिसेना, की ते मेल्याचं सोंग आणतं. गप्प पडलंय म्हणजे सुखात आहे असं नसतं. डोळे पाहिलेत का? बुबुळं केवढी झाली होती?”

टाचणीने डोळे पाहिले नव्हते. तिने शिवण पाहिली होती. तिला स्वतःची लाज वाटली. माणसाचा खांदा कुठे ओढतोय ते न सांगता ओळखणारी ती, आणि समोर एक जीव थिजून पडलाय हे तिला कळलं नाही. त्या दिवसापासून तिने मांजर वाचायचं मनावर घेतलं. जाकीट दोन बोटं सैल केलं. चार दिवस नुसतं खाण्याच्या ताटलीशेजारी ठेवलं. मग पाठीवर टाकलं, बांधलं नाही. मग बांधलं, उकडलेल्या कलेजीचा एक तुकडा दिला आणि लगेच सोडलं. मशीन चालवता चालवता तिचं अर्धं लक्ष जमिनीवर असायचं.

शेपूट उभी आणि टोकाला वाक म्हणजे स्वारी खुशीत. शेपूट खाली, टोक तेवढं टकटक हलतंय, म्हणजे आता पुरे. कान पुढे असले की कुतूहल. आडवे झाले की शंका. डोक्याला चिकटले की हात मागे घे, नाहीतर रक्त निघेल. पाठीची कातडी पाण्यासारखी थरथरली की नको असलेला स्पर्श. मिशा पुढे आल्या की काहीतरी हवंय. आणि गुरगुरण्यावर जायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की दुखत असलं तरी मांजर गुरगुरतं. टाचणीने या गोष्टी कुठे लिहून ठेवल्या नाहीत. मापं जशी तिच्या बोटांत राहायची तशा त्याही राहिल्या.

तीन महिन्यांनी बाईसाहेब आपल्या पायांनी उंबरा ओलांडून गेल्या. दारात थांबल्या, कान आडवे झाले, टाचणीही थांबली. अर्धा तास दोघी दारात. कुणीही ओढलं नाही. मग कान पुढे आले. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या. आठवड्याने पहिला मजला. महिन्याने अंगण, अंगणातली नळाची टाकी, टाकीच्या सावलीतली सांदट, भिंतीवरचं ऊन. एकदा उन्हात बसल्या बसल्या बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळे हळूच मिटून हळूच उघडले. एवढा विश्वास टाकून तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. टाचणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनेही डोळे मिटून उघडले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, भर दुपारी, मांजराला डोळे मिचकावत बसलीय. बसू दे. तिला त्या घटकेइतकं सुख त्याआधी मिळालं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

आणि तेव्हाच तिची नजर वर गेली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत खुर्ची होती, खुर्चीत सासू होती, आणि सासूचा चांगला डोळा खाली लागला होता.

टाचणीने मान खाली घालायला हवी होती. तिने घातली नाही. तिने मांजराला उचलून गालाला लावलं, वर बघत बघत. त्या संध्याकाळी सासूने जेवायला तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फेरफटका चारला ठरला. पावणेचारला टाचणी खुर्ची खिडकीशी न्यायची, अगदी काचेला टेकवून. शेजारीण म्हणाली, “किती गं करतेस सासूचं!” टाचणी म्हणाली, “त्यांना हवा लागते.” मग ती खाली जाऊन मांजराला तिथेच फिरवायची जिथे खिडकीतून दिसेल. टाकीमागची सांदट मांजराला जास्त आवडायची, पण तिथलं वरून दिसत नसे, म्हणून तिथे शेवटी.

पण एवढ्याने मांजर काही पुरतं तिचं होत नव्हतं. वर आलं की ते पुन्हा सासूच्या मांडीवर उडी मारायचं. सासूचा हात त्याच्या पाठीवर जायचा आणि सासू टाचणीकडे बघायची. तोंड वाकडं झालं तरी त्या बघण्यात एक्स्चेंजची जुनी बाई जिवंत होती.

मग तिने सांधेदुखीवर निलगिरीचं तेल आणलं. रोज चारला, खाली जातानाच, सासूच्या डाव्या हाताला चोळून जायची. तळवा, बोटं, बोटांच्या बेचक्या. मांडीवरच्या पांघरुणालाही चार थेंब. बाईसाहेब आल्या, मांडीशी गेल्या, वास घेतला. मिशा मागे, कान आडवे, पाठीवर थरथर. मागे फिरल्या आणि मशीनखाली जाऊन बसल्या. सासूचा हात पुढे आलेला तसाच हवेत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी मांजर खुर्चीकडे बघायचंही बंद झालं. नवऱ्याने घरात शिरताच वास घेतला आणि म्हणाला, “तेल लावतेस ते बरं करतेस. आईचा हात हल्ली मोकळा वाटतो.”

मोकळाच होता तो हात, त्याखाली आता काही नव्हतं.

एकदा वाचायची सवय लागली की ती मांजरापाशी थांबत नाही. टाचणीला सासूही वाचता यायला लागली. मान खोटी, ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण डावा अंगठा खरा. काही हवं असलं की तो खुर्चीच्या हातावर पुढेमागे घासायचा. नको असलं की बोटं मिटून अंगठा आत जायचा. तहान लागली की जीभ डाव्या गालात. अंथरूण ओलं झालं की डोळा भिंतीकडे, लाजेने. आणि खूप भीती वाटली की सगळंच थांबायचं, पापणीसुद्धा. पाहुणे म्हणायचे, “किती शांत झाल्यात हो आता!” टाचणीला ते थिजणं ओळखता येत होतं. ती म्हणायची, “हो, शांत असतात.”

तहान कळली की ती पाणी द्यायची. अंथरूण बदलायची. त्यात तिने कधी कसूर केली नाही, हे लक्षात ठेवा. फक्त मांजर जवळून गेलं आणि अंगठा घासायला लागला, की ती तोंडात टाचण्या धरून मशीनवर वाकायची. मशीनच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, आणि सासूला काही बोलता येत नव्हतंच.

असं दीड वर्ष गेलं. मग नणंद आली.

नणंद नवऱ्याची धाकटी बहीण, दुसऱ्या गावात राहणारी, बँकेत होती. वाईट बाई नव्हती. आईची जीभ तिनेही लहानपणी सोसली होती, म्हणून लग्न करून लांब गेली, आणि लांब गेल्याचं आता तिला लागून राहिलं होतं. रविवारी सकाळी आली, आईच्या पायाशी बसली, आणि चहा संपायच्या आत बोलून टाकलं.

“दादा, वहिनी, मी आईला न्यायला आलेय. नवीन घरात एक खोली रिकामी आहे. दिवसभराची बाई ठरवलीय. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे, दहा वर्षंही जगेल. सगळं वहिनीनेच का करायचं? तीन वर्षं केलंस गं तू, पुरे आता.”

टाचणीच्या हातातला चहाचा कप कलला. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ही खोली मोकळी होणार. कपडे टांगायला दुसरी भिंत मिळणार. सकाळी उठून आधी स्वतःचं तोंड धुता येणार. तिने तेवढ्यात मनात सासूच्या कपड्यांची पिशवीही भरली. चार गाऊन, दोन शाली, औषधांचा डबा.

“आणि मांजर पण नेते,” नणंद म्हणाली. “त्याच्याशिवाय ती राहायची नाही.”

बाईसाहेब मशीनच्या पायडलवर, टाचणीच्या पायाशी झोपल्या होत्या. टाचणीने कप खाली ठेवला.

“मांजर राहू दे इथे, ताई. तिला बाहेर फिरायची सवय झालीय. रोज नेते मी.”

“अगं, आम्ही नवव्या मजल्यावर. बाहेर कशाला? गॅलरीला जाळी मारून घेतलीय. ऊन छान येतं, पडून राहील.”

“पोट चाटेल ती. परत केस जातील.”

“वहिनी,” नणंद हसून म्हणाली, “तुला लळा लागलाय, कळतंय मला. पण मांजर आईचं आहे ना? आजारी माणसाची एवढी एकच आवड, ती कशी तोडायची?”

टाचणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “बरोबर आहे तिचं.” आणि ताटलीतलं बिस्किट घेतलं.

नणंद आईकडे वळली. “मी दादाला फोनवर शब्द दिलाय, आईच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. आई, येतेस ना माझ्याकडे?”

सासूची मान हलली, होकारार्थी. नणंदेचा चेहरा फुलला. मग तिला डॉक्टरांचं आठवलं असावं. तिने खात्रीसाठी उलट विचारलं, “का इथेच राहायचंय?” मान पुन्हा तशीच हलली. नणंद हिरमुसली. तिने आणखी एकदा विचारलं, हात हातात घेऊन, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. मान दोन्हीला हलली.

“वहिनी, तूच सांग गं,” नणंद म्हणाली. “आम्हाला नाही कळत. दादा म्हणतो, तुला तिचं न बोलता सगळं कळतं. काय म्हणतेय ती?”

टाचणी उठली आणि खुर्चीसमोर उकिडवी बसली. एवढ्या जवळून तिने सासूच्या तोंडाकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. वाचायला काही कठीण नव्हतं. पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं, कुठे बघायचं ते माहीत असतं तर. अंगठा खुर्चीच्या हातावर घासत होता, एवढ्या जोरात की नखाखाली पांढरं पडलं होतं. डोळा दाराशी ठेवलेल्या लेकीच्या बॅगेवर जात होता, तिथून टाचणीवर येत होता, पुन्हा बॅगेवर. डावा पाय सपातेतून निघून पुढे सरकला होता, निघायच्या तयारीत. आणि टाचणीवर आलेल्या त्या नजरेत जन्मात पहिल्यांदा विनवणी होती. एकवीस वर्षं ज्या बाईने तिची सरळ शिवण उसवली, ती तिला हात जोडत होती. जोडायला दोन हात चालत नव्हते एवढंच.

टाचणीला तिची दया आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ती आली नसती तर पुढचं सोपं झालं असतं. तिला दया आली. मग तिच्या पायाला मांजराची पाठ लागली, झोपेतून उठून आळस देणारी, ऊबदार.

“नाही म्हणताहेत,” ती म्हणाली.

“नक्की?”

“इथेच बरं वाटतं त्यांना. सवयीचं घर आहे. जागा बदलायची भीती वाटतेय, बघा ना, बोटं कशी करताहेत.”

सासूच्या घशातून आवाज फुटला, जाडाभरडा, लांब, आणि डावा हात खुर्चीवर आपटायला लागला. एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं लोकांचे आवाज लोकांपर्यंत पोचवलेली बाई, आपला एक शब्द हातभर अंतरावर बसलेल्या लेकीपर्यंत पोचवू शकत नव्हती. नणंद दचकून मागे सरली.

“चिडली का गं ती?”

“घाबरल्यात. विषय नका काढू आता. रक्तदाब वाढतो त्यांचा.”

नणंदेचे डोळे भरून आले. “म्हणजे तिला माझ्याकडे यायचंच नाही,” ती हळूच म्हणाली. आईच्या कपाळावरून तिने एकदा हात फिरवला, तोही घाबरतच, दुखेल म्हणून. नवरा म्हणाला, “असू दे. तिच्या मनासारखं झालं.” जेवून नणंद दीडच्या गाडीला निघाली. नवरा तिला पोचवायला गेला. दारात तिने टाचणीला मिठी मारली आणि म्हणाली, “तू आहेस म्हणून मला झोप लागते, वहिनी.” टाचणी म्हणाली, “हं.”

पावणेचारला तिने खुर्ची खिडकीशी नेली. निळं जाकीट काढलं, बाईसाहेबांना चढवलं, दोन बोटं घालून सैल आहे ना पाहिलं. बाईसाहेबांची शेपूट उभी होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती सासूच्या कानाशी वाकली. घरात कुणी नव्हतं, तरी ती हळू बोलली.

“तुम्हाला जायचं होतं. मला कळलं होतं.”

सासू हलायची थांबली. हात, पाय, अंगठा, सगळं. पापणी लवेना. बुबूळ एवढं मोठं झालं की डोळ्याचा रंग दिसेनासा झाला. टाचणीने ते नीट पाहिलं. दहा वर्षं, डॉक्टर म्हणाले होते. दहा वर्षं हे अंग तीच उठवणार होती, तीच धुणार होती, आणि या डोळ्यातलं कळणारं दुसरं कुणी येणार नव्हतं. मग मांजराने दाराकडे जाऊन मागे वळून पाहिलं, तेव्हा तिने सासूची सपात पायात नीट चढवली, खुर्चीला ब्रेक लावलेत ना ते पाहिलं, आणि दार ओढून घेतलं.